खानावळीच्या माडीवरचे मंद्रूपकर सर

बिरूनं तांब्या उचलला, ताटातच हात धुतला, चूळ भरली आणि तीही ताटातच टाकली.

समोर गुरुबसप्पा शेठ जेवत होते. त्यांचा घास हातातच राहिला. बिरूच्या शेजारी त्याचे मंद्रूपकर सर बसले होते, त्यांचा चेहरा पांढरा पडला. मी डाळीचं पातेलं घेऊन उभी होते. शेठ जेवताना बोलत नसत आणि ते बोलत नाहीत म्हणून बाकीचेही गप्प होते.

आमची रीत ज्यांना माहीत नाही त्यांना यात एवढं काय झालं ते कळणार नाही, म्हणून सांगते. आम्ही लिंगायत. आमच्यात ताटातलं अन्न म्हणजे प्रसाद. त्यातलं शीतही टाकायचं नाही. जेवण झालं की ताटात थोडं पाणी घ्यायचं, बोटांनी ताट धुवायचं आणि ते पाणी पिऊन टाकायचं. आता सगळे करत नाहीत. शेठ करायचे. अशा माणसासमोर ताटात चूळ टाकणं म्हणजे देवघरात थुंकल्यासारखं. आणि रागानं उठून जावं तर तेही शेठना करता येईना, कारण त्यांच्या ताटात अजून अर्धी भाकरी होती. ती टाकून उठणं त्यांच्या रीतीत बसत नव्हतं. त्यांनी मान खाली घातली आणि पुन्हा जेवायला लागले. दात थोडे राहिलेले, भाकरी आमची कडक. डाळीत भिजवून भिजवून खायचे.

ती अर्धी भाकरी संपेपर्यंत आम्ही सगळे तसेच. बिरूला शेठकडं नोकरी हवी होती, नाहीतर गावाकडं परत जाऊन मेंढरांमागं हिंडायचं होतं. आणि सरांना एवढंच हवं होतं, की आपण जे शिकवतो त्यावर सोलापूरच्या बाजारात एका तरी परक्या पोराला कुणी कामाला घ्यावं. दोन्ही गोष्टी त्या ताटातल्या पाण्यात गेल्या असं मला त्या वेळी वाटलं.

सर माझ्याकडं आले ते दुष्काळ सरल्यावर, त्र्याहत्तरच्या शेवटी. सात रस्त्याजवळच्या बोळात माझी खानावळ. खाली जेवण, वर माडी. माडीत ज्वारीची पोती असायची. सरांनी विचारलं, "आक्का, ती पोती खाली घेतली तर वरची जागा शनिवार-रविवार मला द्याल का?"

"कशाला?"

"शिकवायला."

"काय शिकवायला?"

ते म्हणाले, "दुसऱ्याच्या घरात कसं शिरायचं ते."

मला वाटलं माणूस वेडा आहे किंवा चोर आहे. पण भाडं आधी देतो म्हणाले, म्हणून पोती खाली घेतली.

सर एका कॉलेजात कॉमर्सच्या पोरांना शिकवायचे, तेही अर्ध्या वेळेचे. त्याआधी वीसेक वर्षं त्यांनी चादरी विकल्या होत्या. सोलापूरची चादर खांद्यावर टाकून हैदराबाद, हुबळी, इंदूर कुठंकुठं हिंडले. पुढं घसा गेला. डॉक्टरनं बोलणं कमी करा म्हणून सांगितलं, तर हे मास्तर झाले. आवाज बसलेला, भांडं खरवडल्यासारखा. शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली, सोलापूरच्या उन्हाळ्यातसुद्धा. उन्हाची छत्री घेऊन चालायचे, पण ज्याच्या दुकानात जायचं ते दुकान दिसलं की छत्री मिटायचे आणि उरलेला रस्ता उन्हातनं जायचे. मी एकदा विचारलं, हे कसलं खूळ. म्हणाले, "आक्का, घाम पुसत आलेल्याला पाणी लवकर मिळतं. पाणी मिळालं की बसायला मिळतं. बसायला मिळालं की माल दाखवता येतो."

कुठल्याही दारात गेले की उंबऱ्याच्या अलीकडं थांबायचे. माझ्या खानावळीत रोज यायचे तरी थांबायचे. चपला कुठं काढल्यात, पुरुष कुठं बसलेत, बायका कुठं आहेत, देव कुठल्या बाजूला आहे, एवढं बघून मग पाय आत. मागनं येणारी गिऱ्हाइकं वैतागायची. "सर, आत जावा की. भाकरी निवतीया," असं कुणीतरी म्हणायचंच. सर म्हणायचे, "भाकरी निवू दे. माणूस तापला तर लवकर निवत नाही."

चहा तर समोरचा पितो तसा. समोरच्यानं बशीत ओतला की हेही बशीत, त्यानं कपानं घेतला की हेही कपानं. मी चहा पितच नाही, तर माझ्यासमोर बसले की पाणी प्यायचे.

त्या दिवसांत बी.कॉम. झालेली पोरं गावात पैशाला पासरी होती. गिरण्यांचा भोंगा वाजायचा, रस्ता कामगारांनी भरून जायचा, आणि ही शिकलेली पोरं कट्ट्यावर बसून ती गर्दी बघत राहायची. दुकानं होती, पेढ्या होत्या, चादरीचे कारखाने होते. पण लिंगायत शेठ लिंगायताचं पोर घ्यायचा, तेलुगू कारखानदार तेलुगू पोर घ्यायचा, गुजराती आपल्या भाच्याला बोलावून घ्यायचा. माढ्याकडचं नाहीतर सांगोल्याकडचं पोरगं गेलं की म्हणायचे, चांगलं आहे हो पोरगं, पण त्याला आमची रीत माहीत नाही, गिऱ्हाईक तोडेल.

सर म्हणायचे, "जात बघूनच घेतात, मला कळत नाही असं नाही. पण तोंडानं रीत सांगतात. मग पोरांना रीत शिकवू. निदान ती सबब तरी काढून घेऊ त्यांच्या हातातली."

हे त्यांचं गणित. मला ते पटलं होतं, कारण त्यात उगाच मोठं काही नव्हतं.

माडीवर फळा लावला होता. त्यावर एकेका समाजाचं नाव आणि खाली नियम. मला सावकाश वाचता येतं, चौथी झालेली आहे. दुपारी झाडायला गेले की वाचायची. मागवाल्यांच्या घरात सूत ओलांडायचं नाही, मागाला पाय लावायचा नाही. पहिली भवानी व्हायच्या आधी कुणाच्या दुकानात भावाची घासाघीस करायची नाही. मुसलमान व्यापाऱ्याकडं शुक्रवारी दुपारी वसुलीला जायचं नाही. आमच्या लोकांचंही लिहिलं होतं. ताटात अन्न टाकायचं नाही, मोठ्यांच्या आधी पंगतीतून उठायचं नाही, शेठ जेवताना बोलायचं नाही. बरोबर होतं सगळं. माझ्याबद्दल कुणीतरी फळ्यावर लिहून ठेवलंय हे वाचून जरा विचित्र वाटायचं, एवढंच.

एखाद्या रविवारी जिन्यातून हाक यायची.

"आक्का, जरा शेठ व्हायचंय."

"भाजी फोडणीला टाकलीय."

"मग शेठ फोडणी देत देत बोलतील. मी पोरं खाली पाठवतो."

एकेक पोरगं खाली यायचं आणि माझ्याकडं नोकरी मागायचं. पहिला आला तो शरद. वर्गातला हुशार, भांग नीट पाडलेला, इस्त्रीचे कपडे. "नमस्कार. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर असून," असं त्यानं सुरू केलं.

मी म्हटलं, "चपला कुठं काढल्यास?"

त्यानं खाली बघितलं. चपला पायातच होत्या आणि तो चुलीपाशी उभा होता. जिन्यातून सरांचा खरखरीत आवाज आला, "नापास. वर या."

दुसरा एक इंग्रजीत बोलायला लागला. मला इंग्रजी येत नाही हे बघून आणखी मोठ्यानं इंग्रजी बोलला. त्याला मी कांदे निवडायला बसवला. सर खाली येऊन म्हणाले, "आक्का, हे बरं केलंत. काम मिळालं त्याला."

बिरू या पोरांत शेवटी आला होता. सांगोल्याकडचा धनगराचा पोरगा, काळा, लांब हातांचा, शर्ट आखूड पडलेला. दुष्काळात त्यांची निम्मी मेंढरं गेली होती. त्याची भाकरी गावाहून एस.टी.नं डब्यात यायची, म्हणून माझ्याकडं तो कधी जेवला नव्हता. दारात उभा राहायचा, सरांनी शिकवलं म्हणून नव्हे, तर आत यावं की नाही हे त्याला खरंच कळायचं नाही.

सरांच्या कॉलेजातले एक प्राध्यापक माझ्याकडं जेवायला यायचे. पान लावता लावता ते सरांना मुद्दाम ऐकू जाईल असं म्हणायचे, "काय मंद्रूपकर, आज काय, पाट मांडायला शिकवलं की पाणी वाढायला? अहो, कॉमर्सची पोरं ती. त्यांना ताळेबंद जुळवता येत नाही."

सर म्हणाले, "ज्यांना येतो त्यांची नावं सांगू का? सगळी घरी बसलीत."

एकदा सर शरदला आणि बिरूला घेऊन पूर्व भागात, मागवाल्यांच्या वस्तीत गेले. मला खानावळीसाठी पंचे घ्यायचे होते, म्हणून मीही बरोबर गेले. घरात शिरायच्या आधीच बोळात सुताचा ताणा लांबपर्यंत ओढून ठेवला होता. शरद ओलांडणार तेवढ्यात सरांनी त्याची मागून कॉलर धरली. आत एक म्हातारी बसली होती, सुताच्या कांड्या भरत. शरदनं घोकून आणलेलं तेलुगू बोलून दाखवलं, "मीरु बागुन्नारा?" म्हणजे तुम्ही बऱ्या आहात ना. म्हातारी खूश झाली. तिनं आपली कंबर, गुडघे, सुना, जावई, सगळं तेलुगूत सांगायला सुरुवात केली. शरदकडं तेवढंच एक वाक्य होतं. तो मान हलवत उभा राहिला. म्हातारीनं शेवटी काहीतरी विचारलं, त्यावरही त्यानं मान हलवली, आणि घरातल्या सुना तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. नंतर कळलं, तिनं विचारलं होतं, तुझं लग्न या थोरल्या नातीशी लावू का.

बिरू तेवढ्यात मागापाशी बसला होता. त्यानं मराठीतच विचारलं, "आज्जी, धागा तुटला तर ह्यो कसा जोडायचा?" म्हातारीनं त्याचा हात धरून गाठ मारून दाखवली. तिलाही मराठी येत होतंच.

बाहेर आल्यावर सर बिरूला म्हणाले, "असे प्रश्न विचारू नकोस. विचारणारा माणूस अडाणी दिसतो. जिथं जायचं तिथलं आधी शिकून जायचं." शरदला मात्र पाठीवर थाप मिळाली, तेलुगू पाठ केलं म्हणून. बिरू म्हणाला, "बरं सर." मी काही बोलले नाही. शिकवणारे ते होते.

मग शेठचं प्रकरण आलं. गुरुबसप्पा शेठचं घर अक्कलकोटला आणि पेढी सोलापुरात. सुताचा, चादरीचा आणि थोडा घोंगड्यांचा धंदा. दुपारचं जेवण माझ्याकडं. त्यांचा पुतण्या माल घेऊन फिरायचा, तो भांडून वेगळा झाला. शेठना नवा माणूस पाहिजे होता आणि घरातलं दुसरं पोर उरलं नव्हतं. सर त्यांच्यामागं लागले. पेढीवर किती वेळा छत्री मिटून उन्हातनं गेले असतील ते त्यांनाच ठाऊक. शेवटी शेठ मला म्हणाले, "गौरव्वा, ह्या मास्तरला सांग, दोन पोरं आण. मी संग जेवतो. जेवताना माणूस कळतंय."

सर त्या दिवशी लहान पोरासारखे खाली-वर करत होते. शरदला आणि बिरूला त्यांनी सकाळपासून शिकवलं. मला म्हणाले, "आक्का, आज जमलं तर बाकीच्या पेढ्याही दार उघडतील. शेठनं परका घेतला म्हटल्यावर कुणाला नाही म्हणता येणार नाही." आणि म्हणाले, "आज बिघडलं तर माडी तुम्हाला परत ज्वारी ठेवायला मोकळी."

मी डाळ-पालेभाजीचा गरगट्टा केला होता, शेंगाची चटणी, कडक भाकरी, शेवटी हुग्गी म्हणजे गव्हाची खीर. दोन्ही पोरं चांगली जेवली. टाकलं काही नाही, बोलली नाहीत. शरदनं तर ताट धुऊन पाणीही पिऊन टाकलं, ते त्यानं कुठून तरी माहीत करून घेतलं होतं. बिरूचं जेवण लवकर झालं. पोट भरायची सवय लवकरची, मेंढरं थांबत नाहीत. शेठ तर सावकाश. मोठ्यांच्या आधी उठायचं नाही, हे सरांनी शंभरदा सांगितलेलं. बिरूचा हात वाळायला लागला. त्यानं थोडा वेळ वाट बघितली आणि मग आपल्या घरी करतात तसं केलं, बसल्या जागी हात धुतला आणि चूळ टाकली. म्हणजे तो सरांचा नियम पाळत होता. सरांच्या डोक्यात हात मोरीवरच धुतात एवढंच होतं, त्यामुळं ते फळ्यावर लिहायचं राहिलं होतं.

शेठची भाकरी संपली. त्यांनी ताट धुतलं, पाणी प्याले, उठले, मोरीवर गेले आणि परत येऊन उभे राहिले. मला कानडीत विचारलं, "याव ऊरु इवंदू?" ह्याचं गाव कोणतं, असं.

मी सांगितलं.

सरांनी तोंड उघडलं. त्यांच्याकडं उत्तर असणारच. वीस वर्षं त्यांनी बिघडलेले सौदे बोलून सरळ केले होते. पण त्याच वेळी बिरू उभा राहिला आणि म्हणाला, "मालक, माजं कायतरी चुकलं. चुकलं हे कळलं, पर काय ते न्हाय कळलं. तुमी सांगा की."

सरांचं तोंड उघडं होतं. त्यांनी ते मिटलं. मला त्यांच्याविषयी सगळ्यात जास्त आठवतं ते हेच. आपल्या पोराला झाकायला धावून जायचं सोडून ते पाटावर बसून राहिले, हात मांडीवर ठेवून.

शेठ म्हणाले, "तुझ्या मास्तरनं शिकवलं न्हाई?"

"मोठ्यांच्या आदी उटायचं न्हाय म्हणून शिकवलं. म्हणून तर उटलो न्हाय. हात वाळाय लागला."

"ताट म्हणजे आमचं प्रसादचं हाय. त्यात कोण थुकतंय?"

बिरू म्हणाला, "आमी रानात जेवतो मालक. तितं मोरी कुटली. ताटातलं धुवण कुत्र्याला घालतो. पानी वाया गेलं तर माय मारती."

"कुत्र्याला?"

"मेंढराचं कुत्रं. त्ये उपाशी निजलं तर लांडगं येतंय की."

शेठ चक्क पुन्हा पाटावर बसले आणि विचारलं, "लांडगं आलं तर कुत्रं एकटं काय करतंय?" त्यावर बिरूनं सांगितलं. शेठ घोंगड्यांचा धंदा करत होते पण मेंढरू कसं राखतात हे त्यांनी कधी कुणाला विचारलं नसावं. चार गोष्टी विचारल्या, बिरूनं सांगितल्या, बिरूनं उलट विचारलं, "मालक, ताटाचं पानी पिताना मंतर म्हणायचा का नुस्तं प्यायचं?" शरद जमिनीकडं बघत होता. शेठ उठले, टोपी घातली आणि "बघू" म्हणून गेले.

बघू म्हणजे आमच्याकडं नाही.

संध्याकाळपर्यंत ते बाजारात पसरलं. मास्तरच्या पोरानं शेठच्या पुढ्यात चूळ टाकली. पुढच्या शनिवारी माडीवर तीनच पोरं. प्राध्यापक पान लावता लावता म्हणाले, "काय मंद्रूपकर, आता चूळ कुठं टाकायची याचाही तास घ्या." सरांनी त्या दिवशी जेवण पुरं केलं नाही, आणि माझ्याकडं अन्न टाकलेलं मी त्यांचं ते एकदाच बघितलं.

मी भांडी आवरत होते तेव्हा ते म्हणाले, "आक्का, मी बोललो असतो तर पोरगं मुकंच राहिलं असतं."

"बोलला नाही ते बरं केलंत."

"नाही, तसं नाही. मी त्याला विचारू नको म्हणून शिकवलं होतं. त्याला ते माहीत होतं. तरी त्यानं विचारलं." असं म्हणून माडीवर गेले. थोड्या वेळानं मी झाडायला गेले तर फळा पुसलेला होता. सगळे समाज, सगळे नियम, आमचे लोकसुद्धा.

आठवड्यानं शेठ जेवायला आले, जेवले, ताट धुऊन प्याले आणि जाताना म्हणाले, "गौरव्वा, त्या कुरबाच्या पोराला उद्या पेढीवर धाड." कुरब म्हणजे कानडीत धनगर.

मी म्हटलं, "शरद जास्त नीट जेवला की."

"तो माझ्यासारखंच करतंय. गिऱ्हाईक सगळं माझ्यासारखं असतंय का? ह्याला कळत न्हाई ते हा विचारतंय."

हे खरं. पण मी शेठना बरीच वर्षं वाढत होते, म्हणून दुसरंही सांगते. बिरू कमी पगारात येईल हेही त्यांनी बघितलं होतं. आणि पेढीवर घेतलं तरी अक्कलकोटच्या घरात त्याला पंगतीला बसवायला त्यांना बरीच वर्षं लागली. सर म्हणायचे ते बरोबर होतं, सबब गेली. बाकीचं तसंच राहिलं.

शरद येऊन सरांवर चिडला. "सर, मी एकही चूक केली नाही."

सर म्हणाले, "हो रे. चूक माझी होती, ती बिरूच्या वाट्याला आली. तू बँकेची परीक्षा दे. तिथं चूक न करणारा माणूस लागतो." त्यानं दिली, पास झाला, पुण्याला गेला.

त्यानंतर सरांचा वर्ग बदलला. फळ्यावर काही लिहायचे नाहीत. पोरांना सांगायचे, कुणाच्या तरी घरी, दुकानी जाऊन या आणि तिथं तुम्हाला जे कळलं नाही ते घेऊन या. पोरं यायची, तावातावानं सांगायची. त्यांनी असं का केलं, ते तसं का म्हणाले. सर म्हणायचे, "मला काय विचारता? त्यांना विचारलं का?" नाही म्हटलं की, "मग परत जा." एका पोराला त्यांनी चारदा परत पाठवलं. शेवटी त्या व्यापाऱ्यानंच कंटाळून त्याला ठेवून घेतलं, असं सर सांगायचे. खरं असेल, नसेल. चादरी विकलेला माणूस होता.

आणखी दोन पेढ्यांनी परकी पोरं घेतली, एका तेलुगू कारखान्यानं एक घेतलं. फार नाही. पण माडीवर ज्वारी परत गेली नाही, सरांच्या शेवटच्या वर्षापर्यंत. तेव्हा त्यांच्या घशाचं दुखणं वाढलं, कॉलेजनं पुढं बोलावलं नाही, आणि त्यांची मुलगी गुलबर्ग्याहून येऊन त्यांना घेऊन गेली. जाताना मला छत्री ठेवून घ्या म्हणाले. मी म्हटलं, मी उन्हात जात नाही, तुम्हीच न्या.

पुढं माझ्या चुलत बहिणीच्या घरी लग्न होतं गुलबर्ग्याला, तेव्हा मी पत्ता विचारत गेले. सर ओसरीवर खुर्चीत बसले होते. फार वाळले होते. शर्टाची बटणं गळ्यापर्यंत. मी पायरीवर चपला काढल्या तर म्हणाले, "नीट काढल्यात." आवाज अगदीच गेला होता, जवळ वाकून ऐकावं लागायचं. मुलीनं चहा आणला. मी नको म्हटल्यावर त्यांनी आपला कप बाजूला सारला आणि पाणी मागितलं.

मी विचारलं, "कसं वाटतंय?"

ते माझ्याकडं वाकून म्हणाले, "आक्का, तुमच्यात आजाऱ्याला भेटून निघताना काय म्हणतात? मी कधी विचारलंच नाही."

मी सांगितलं, "येतो म्हणतात. जातो म्हणत नाहीत."

"आमच्यातही तेच," ते म्हणाले.

मी "येते" म्हटलं आणि निघाले. बोळाच्या टोकाला वळून बघितलं तर ते दारात आलेल्या भाजीवालीला काहीतरी विचारत होते आणि तिला ऐकू येत नव्हतं, म्हणून ती टोपली उतरवून त्यांच्याजवळ वाकली होती.

त्याच वर्षी ते गेले. गुरुबसप्पा शेठ त्यानंतर गेले. शरद पुण्यातच राहिला, मागच्या थंडीत गेला असं बिरूनं सांगितलं. त्या दुपारच्या पंगतीतला बिरू आहे, आणि मी आहे.